बांगड्याच्या कल्ल्यातले भाडेकरू : सहाव्या महिन्याचा अपडेट

मागच्या अपडेटला मी छातीठोकपणे लिहिलं होतं की बांगड्याच्या कल्ल्यात दोन जातींचे आयसोपॉड (कोळंबी-खेकड्यांच्या नात्यातले बारके किडे) मिळतायत, एक मोठा नि एक बारका. ते खोडा. जात एकच आहे, नोरिलेका इंडिका. मोठी ती बायको, बारका तो नवरा, आणि हा नवरा पुढेमागे स्वतःच बायको व्हायचाय.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. सायमोथोइडी हे माशांवर जगणाऱ्या परजीवी आयसोपॉडांचं कूळ, बहुतेक समुद्रातले. कोणी अंगावर नि परांवर चिकटतं (नेरोसिला), कोणी तोंडात, कोणी कल्ल्यात. माशाची जीभ सुकवून तिच्या जागी बसणाऱ्या किड्याचा फोटो सगळ्यांनी बघितला असेल, तो सायमोथोआ एक्झिग्वा, कॅलिफोर्नियाच्या आखातातल्या माशांवरचं त्याचं ते प्रकरण १९८३ मध्ये शास्त्रज्ञांनी छापलं. आपल्याकडे हलवा माशाच्या तोंडात त्याचा भाऊबंद सायमोथोआ एरेमिटा असतो, पण दर आठवड्याला हलवा फाडायचा म्हणजे खिसाच फाटायचा, म्हणून मी बांगड्यावर.

तर झालं असं की मे महिन्यात रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून आणलेल्या एका बांगड्याचं कल्ल्याचं झाकण कात्रीने कापलं तर आत लालभडक कल्ल्यावर ओल्या काजूगरासारखं काहीतरी वाकडं होऊन बसलेलं. २४ मिमी. चिमट्याने ओढायला गेलो तर कल्ल्याचा लचकाच बाहेर, कारण सातच्या सात जोड्या पायांना आकडे असतात आणि ती मेली तरी सोडत नाही. तिच्या पोटाखाली, अगदी लपल्यासारखा, ९ मिमीचा बारका. एरवी मी त्याला दुसऱ्या बरणीत टाकला असता, पण त्या दिवशी लाइट गेली नव्हती म्हणून लगेच मायक्रोस्कोपखाली घेतला. मागच्या पोहायच्या पायांच्या दुसऱ्या जोडीवर काडीसारखा अवयव स्पष्ट दिसला. म्हणजे नर! मादीच्या पोटाशी पातळ पापुद्र्यांची पिशवी, आणि पिशवीत पिल्लं, प्रत्येकाला दोन काळे टपोरे डोळे. पाय मोजले तर सहाच जोड्या. म्हटलं माझ्याकडून तुटले की काय, तीन पिल्लं मोजली, तिघांना सहाच. मग वाचल्यावर कळलं की पिशवीतून बाहेर पडताना सहाच असतात, सातवी जोडी नंतरच्या कातीला येते.

ही पिल्लं पोहत मासा शोधतात, तो सापडला की आधी नर होतात. तिथे मादी असेल तर नरच राहतात, नसेल किंवा मेली तर नराचीच मादी होते. आणि एकदा मादी झाली की पोहायचं विसरा, तो मासा हेच सासर, तिथेच रक्त पिऊन जगायचं. कल्ला दाबून दाबून तिथले धागे झिजलेले मला दोन माशांत दिसले. (खायला काही होत नाही हो, किडा काढायचा, बांगडा तळायचा. आई मात्र माझी कात्री किचनमध्ये येऊ देत नाही.)

आता रडगाणं. माद्यांचं अंग एका बाजूला वळलेलं असतं, माझ्या बरणीतल्या अकरांपैकी काही डावीकडे, काही उजवीकडे. कुठल्या कल्ल्यात बसते त्यावर हे ठरत असणार असा माझा अंदाज, पण तपासू कसा, मी सगळ्या एकाच बरणीत कोंबल्या नि कुठली कुठल्या बाजूची ते लिहिलंच नाही! सहा महिन्यांची मेहनत पाण्यात, म्हणजे स्पिरिटमध्ये. शिवाय पहिली लेबलं बॉलपेनने लिहिलेली, ती शाई धुऊन गेली. पेन्सिलनेच लिहा रे, आणि कागद बाटलीच्या आत टाका.

जून-जुलै मासेमारी बंद, म्हणून ऑगस्टपासून परत शून्यातून सुरू केलंय, एक मासा एक बाटली. नेहमीच्या मावशींना म्हटलं, कल्ल्यात किडा दिसला तर तो बांगडा बाजूला ठेवा. त्या म्हणाल्या, "लोकं किड्यावरनं माझ्याशी भांडतात, नि तुला किडेवालाच पायजे?" पण ठेवले. तीन होते, दोघांत माल निघाला, तिसऱ्यात नुसताच झिजलेला कल्ला. पैसे तिन्हींचे घेतले. पहिल्या बाटलीतल्या चिठ्ठीवर आता पेन्सिलने लिहिलंय: डावा कल्ला, मादी, पिशवी रिकामी, नर सोबत.