घोड्यांच्या वस्तीत घर घ्यावं का?

महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाची ताटं हातात आली की कुणीतरी विचारतंच : तुम्ही फ्लोरिडात ओकालाजवळ घोड्यांच्या वस्तीत, म्हणजे घराच्या आवारातच घोडे पाळता येतात अशा वस्तीत, राहता ना, मग आम्हीही तिकडे घर घ्यावं का? विचारणाऱ्यांची मुलगी बहुधा नऊ-दहा वर्षांची असते. दर शनिवारी घोड्यावर बसायला जाते. तबेल्याचं महिन्याचं भाडं भरून वैतागलेल्या बापाने मनातल्या मनात हिशोब मांडलेला असतो की एवढ्यात घराच्या हप्त्याला हातभार लागेल.

तर माझं उत्तर असं, की मुलीसाठी घेत असाल तर घेऊ नका. मुलगी अठराव्या वर्षी कॉलेजला जाईल. आज घेतलेला दहा वर्षांचा घोडा तेव्हा अठराचा असेल आणि नीट सांभाळला तर पंचविशी-तिशी सहज गाठेल. एक घोडा दिवसाला वीसेक किलो लीद टाकतो. ती उचलायला पहाटे कोण जाणार, हे घरात आधीच ठरवा. लीद-गवताच्या वासाने तुमचीच सकाळ चांगली जाणार असेल, तर मग पुढचं बोलू.

आमची मॅरियन काउंटी, म्हणजे ओकालाचा जिल्हा, स्वतःला जगातल्या घोड्यांची राजधानी म्हणवते. १९५६ साली केंटकी डर्बी जिंकणारा नीडल्स इथलाच. फ्लोरिडात जन्मलेल्या घोड्याने ती शर्यत जिंकण्याची ती पहिलीच वेळ. इथल्या जमिनीखाली चुनखडी आहे, त्यामुळे गवतात कॅल्शियम उतरतं आणि शिंगरांची हाडं मजबूत होतात, असं जुनी माणसं छातीठोकपणे सांगतात. त्याच चुनखडीमुळे कधीकधी जमीन खचून भलामोठा खड्डा पडतो, हे मात्र विमावालाच सांगतो.

चुनखडीच्या वर बहुतेक ठिकाणी वाळू. घोडा आखूड गवत खाताना वाळूही गिळतो, ती पोटात साठते आणि पोटशूळ उठतो. आमच्या घोडीला पहिल्यांदा झालं तेव्हा रात्र बरीच झाली होती. ती पुढच्या खुराने माती उकरत होती, मान वळवून सारखी आपल्या कुशीकडे बघत होती. डॉक्टर निघाले होते, पण यायला वेळ लागणार होता. शेजारच्या सत्तरीच्या बाई नाइटगाऊनवर गमबूट चढवून, टॉर्च घेऊन आल्या. घोडीच्या पोटाला दोन्ही बाजूंनी कान लावला आणि म्हणाल्या, "आतड्यांचा आवाज आहे, घाबरू नकोस. लोळू मात्र देऊ नकोस." डॉक्टर येईपर्यंत आम्ही दोघी तिला आळीपाळीने फिरवत राहिलो. दुसऱ्या दिवशी बाईंनीच शिकवलं : मूठभर लीद रबरी हातमोज्यात घ्यायची, पाणी भरायचं, कालवायचं आणि बोटं खाली करून मोजा टांगून ठेवायचा. थोड्या वेळाने बोटांच्या टोकांत किती वाळू बसली ते दिसतं. त्यावर इथे जे पावडरीचे डबे विकतात ते म्हणजे आपलं इसबगोल. आजोबांसाठी उंझ्याहून यायचं तेच, फक्त डब्यावर घोड्याचं चित्र.

अशा वस्तीत तुम्ही पैसे मोजता ते या शेजारासाठी. नालबंद कुठला चांगला, कुणाचं गवत भिजलेलं आहे, कुठल्या घोड्याचा घाम बंद झालाय (इथल्या दमट उन्हाळ्यात काही घोडे घाम येणंच थांबवतात, आणि ते जिवावर बेतू शकतं), हे सगळं कुंपणापलीकडून कळतं. साध्या वस्तीत आधी माश्यांची तक्रार येते.

पण घोडं पेंड खातं ते कागदपत्रांपाशी. जाहिरातीत लिहिलेलं असतं, 'दारातून थेट घोडवाटेवर'. ती वाट कुणाची, हे कुणी विचारत नाही. कधी ती शेजाऱ्याच्या जमिनीवरून जाते आणि त्याने केवळ भिडेखातर जाऊ दिलेलं असतं. तो गेला, मुलांनी जमीन विकली, नव्या मालकाने फाटक लावलं, की तुमचा घोडा तुमच्याच पाच एकरांत गोल गोल फिरणार. (पाच एकर म्हणजे दोनशे गुंठे! पुण्याच्या नातेवाइकांना सांगितलं की फोनवर शांतता पसरते. पाऊण जागेत गवत कापायचंय, हे त्यांना दिसत नाही.) वाटेचा हक्क काउंटीच्या दप्तरी नोंदलेला आहे का, ते वकिलाकडून बघून घ्या. वस्तीच्या संघटनेची नियमावलीही शेवटच्या पानापर्यंत वाचा : एकरी किती घोडे, वळू घोडा चालतो का, लिदीचा ढीग कुंपणापासून किती लांब.

मला स्वतःला सरकारी वाटेला लागून असलेली जागा जास्त पटते. फ्लोरिडाच्या आरपार जहाजं नेण्यासाठी कालवा खणायला १९३५ साली सुरुवात झाली, काम रखडलं, १९६४ साली पुन्हा सुरू झालं आणि १९७१ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी थांबवलं. कालवा बारगळला, पण त्यासाठी घेतलेला पट्टा राज्याच्या ताब्यात राहिला आणि आज त्यावर मैलोन् मैल घोडवाटा आहेत. ओकालाच्या दक्षिणेला आय-७५ महामार्गावर माती आणि झाडंझुडपं असलेला पूल बांधलाय. खाली ट्रक धावतात, वरून घोडे चालतात. ही वाट बंद करणं वस्तीच्या संघटनेच्या हातात नाही.

कराचंही बघा. विकणाऱ्याचं करबिल कमी दिसलं म्हणून हुरळू नका. तो घोड्यांची पैदास करून विकत असेल, म्हणून त्याला शेतजमिनीची सवलत मिळत असेल. हौसेचे दोन घोडे बाळगणं म्हणजे धंद्याची शेती नव्हे. तुमचं बिल वेगळंच येईल.

आपल्या लोकांना शेवटपर्यंत सुचत नाही ती अडचण भारतवारीची. डिसेंबरात चार आठवडे लग्नाला जायचं, तर घोड्यांना वेळच्या वेळी पाणी-गवत कोण घालणार? आम्ही शेजाऱ्यांशी पाळी लावली आहे. ते उन्हाळ्यात जातात, आम्ही हिवाळ्यात. तरीही दोघं एकदम भारतात असं आमचं हल्ली क्वचितच होतं. नवरा आधी जाऊन येतो, मग मी.

आणि हो, २०२१ साली इथे वर्ल्ड इक्वेस्ट्रियन सेंटर हे घोडेस्वारीच्या स्पर्धांचं केंद्र उघडल्यापासून जमिनीचे भाव चढलेत. हिवाळ्यात स्पर्धांचा मोसम असतो, हवा छान, दलाल खुशीत. तेव्हा बघायला येऊ नका. जुलै-ऑगस्टमध्ये या, एखाद्या तबेल्यात महिनाभर जागा भाड्याने घ्या, रोज सहाच्या आत उठून स्वतः लीद उचला. त्यानंतरही घ्यावंसं वाटलं तर फोन करा. घराचे फोटो नंतर, आधी मोजणीचा नकाशा पाठवा.