बिल २७ चं, मशीन २९ मध्ये

सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डावर ग्राहकाच्या तक्रारीसाठी बोटभर लांबीचा रकाना असतो. काउंटरवरचा पोरगा त्यात लिहितो, 'नॉट वर्किंग'. ड्रिल असो, कटर असो की रंदा मशीन, तक्रार तीच. प्रत्यक्षात रंदा मशीन चालत असतं, आवाजही झकास करतं. फक्त फळीच्या शेवटच्या दोन इंचांत खड्डा पाडतं. मेकॅनिक बटण दाबतो, मशीन फिरतं, कार्डावर 'टेस्टेड ओके' असा शिक्का बसतो आणि जाता-येताचं टेम्पोभाडं अंगावर पडतं.

हा खड्डा का पडतो, ते काउंटरवर क्वचितच कुणाला माहीत असतं. रंदा मशीनला दोन टेबलं असतात, मधे कटर ब्लॉक, म्हणजे ब्लेड बसवलेला फिरता रूळ. फळी ज्या टेबलावर बाहेर पडते, ते ब्लेडच्या धारेशी एका पातळीत हवं. ते खाली असलं, की फळीचं शेपूट पहिलं टेबल सोडताक्षणी ब्लेडवर बसतं आणि तेवढाच भाग खोल कापला जातो. वर असलं, तर फळी त्याच्या कडेला ठेचकाळते. हे झालं सेटिंग. पाना हातात असलेला कुणीही सुतार ते करून घेईल. पण टेबलाचं ओतकामच पिळलेलं असेल, तर कितीही बोल्ट आवळा, उपयोग शून्य. मग तो कंपनीचाच दोष.

दोन्हींतला फरक तोंडानं सांगून कुणी ऐकत नाही, दाखवावा लागतो. आधी प्लग काढायचा. लाकडाची सरळ पट्टी फळी बाहेर पडते त्या मागच्या टेबलावर धरून कटर ब्लॉक हातानं सावकाश फिरवायचा. प्रत्येक ब्लेडनं पट्टी सारखीच, दोन-तीन मिलिमीटर ओढायला हवी, डाव्या टोकाला आणि उजव्यालाही. हे जमलं की ओतकाम तपासायला लोखंडी पट्टी टेबलावर कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी ठेवायची आणि खालून फिलर गेज, म्हणजे फट मोजायची ठरावीक जाडीची पातळ पाती, सरकवायचा. गेज नसेल, तर दोन फळ्यांच्या कडा रंधून एकमेकींवर उभ्या करायच्या आणि उजेडाकडे धरायच्या. जी फट दिसेल, ती चुकीच्या दुप्पट असते. तिचा फोटो आणि मोटरवरच्या सिरीयल नंबरच्या पट्टीचा फोटो, दोन्ही जॉब कार्ड लिहायच्या आधी मोबाइलमध्ये असावेत.

"लाकडात एवढं चालतंय की ओ," हे सेंटरचं उत्तर ठरलेलं. बेळगावात हे कुणाला सांगावं? उद्यमबागच्या फाउंड्र्यांसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्याचा नमुना, करणारा कारागीर बीड (ओतीव लोखंड) थंड होताना आटतं म्हणून १०० मिलिमीटरला साधारण १ मिलिमीटर जास्त धरून माप काढतो. त्याला फळीतला पाव मिलिमीटर नखानं कळतो.

दुसरं ठरलेलं उत्तर व्होल्टेजचं, आणि ते अर्धं खरं असतं, हाच त्याचा त्रास. मोटरची ओढ व्होल्टेजच्या वर्गानं घटते. २३० च्या जागी १९० मिळाले तर जवळपास एकतृतीयांश ताकद जाते, मोटर जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग तापतं. त्यात २ एचपीच्या मशीनला घरगुती बारीक एक्स्टेन्शन जोडलेलं असलं, तर कंपनीला दोष देता येत नाही. लांब वायर किमान २.५ स्क्वेअर मिलिमीटरची हवी. मीटर लावायचा तोही मशीनच्या प्लगपाशी आणि फळी कापली जात असताना. रिकाम्या मशीनचं रीडिंग कुणालाही खूश करतं.

आता आपल्या भागाची खास गंमत. निपाणी-चिकोडीकडचा माणूस खरेदीला कोल्हापूरला जातो, ते जवळ म्हणून. बिलावरचा जीएसटी नंबर २७ नं सुरू होतो, महाराष्ट्राचा. पत्ता कर्नाटकातला, म्हणजे २९. दुकानदार म्हणतो, तुमचं सेंटर हुबळीला. हुबळीवाला बिल बघून म्हणतो, माल तिकडचा, तिकडंच विचारा मामा. सीमाप्रश्न असा रंदा मशीनलाही लागू होतो. वॉरंटी कार्डाची मागची बाजू वाचली, तर तिथं बहुधा राज्याचं नावही नसतं. ती ओळ बोट ठेवून दाखवायची आणि नकार देणार असाल तर लेखी द्या म्हणायचं. लेखी म्हटलं की आवाज जरा खाली येतो.

तोवर काम खोळंबलेलं. मोटर नुसती गुणगुणते आणि उचलत नाही, तेव्हा बरेचदा कपॅसिटर गेलेला असतो. कोपऱ्यावरचा वाइंडिंगवाला तो चहा संपेपर्यंत बदलून देईल. पण सील तुटलं की कंपनी हात वर करायला मोकळी. किरकोळ कपॅसिटरसाठी टेबलाचा मोठा दावा घालवू नये. वॉरंटी संपलेली असेल, तर मात्र सरळ वाइंडिंगवाल्याकडेच जावं.

पार्ट 'येतोय' असं महिनोन्‌महिने ऐकू आलं, तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. मशीन धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहक नाही, असं कुणी दटावलं तर घाबरायचं कारण नाही. २०१९ च्या कायद्यात स्वयंरोजगारानं पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेल्या वस्तूला त्यातून सूट आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मग बिल २७ चं असो की २९ चं. किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. पण ती कारण घडल्यापासून मोजतात, म्हणून तारीख घातलेलं जॉब कार्ड जपून ठेवावं. शाई उडणारी थर्मल पावती दिली असेल, तर तिची झेरॉक्स त्याच दिवशी काढावी.