पुन्हा मिडफिल्डवरून वाद

आज मित्राशी फोनवर तासभर हुज्जत. विषय अर्थातच हॅटट्रिक, म्हणजे आपला फुटबॉल संघ चालवायचा ऑनलाइन गेम. 1997 साली स्वीडनमध्ये सुरू झालेला, सामना म्हणजे नुसती मजकुरातली कॉमेंट्री, तरी सुटत नाही! त्याचं म्हणणं, मिडफिल्ड (मधली फळी) तगडं असलं की जिंकलोच. अरे बाबा, ताबा तुझा, संधी तुझ्या, पण समोरचा बचाव भक्कम असला की त्या वाया जातात आणि वर काउंटरअटॅक बसतो!

दुसरं भांडण माझ्या संघातल्या 17 वर्षांच्या नव्या पोरावरून. हा म्हणतो, विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला खेळव. प्लेमेकिंगचं (खेळ रचण्याच्या कौशल्याचं) ट्रेनिंग विंगरला मधल्या फळीच्या मानाने निम्मंच मिळतं, हे साहेबांच्या गावीच नाही. लीगमध्ये मधल्या फळीत तिघे, फ्रेंडली (मैत्रीपूर्ण) सामन्यात दुसरे तिघे, अशी माझी सहा पोरं तयार होतायत.

पुढच्या आठवड्यात आमचाच फ्रेंडली आहे. लाइनअप विचारू नये.