जनसुनावणीत माईक सोडून बोलू नका

लग्नसराई संपली की माझ्यासारख्या शूटिंगवाल्याला मिळेल ते काम घ्यावं लागतं. वाढदिवस, गॅदरिंग, भागवत सप्ताह. आमच्या चंद्रपूर-यवतमाळकडच्या घुग्गुस-वणी पट्ट्यात त्यात आणखी एक काम असतं, पर्यावरणाची जनसुनावणी. खाण वाढवायची असो, कोल वॉशरी म्हणजे कोळसा धुण्याचा कारखाना टाकायचा असो की सिमेंटचा कारखाना मोठा करायचा असो, गावाशेजारी मंडप पडतो आणि मंडपवाला मला फोन लावतो.

कॅमेरा तिथे हौसेसाठी नसतो. केंद्राच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे सगळ्या सुनावणीचं शूटिंग करून त्याची प्रत इतिवृत्ताला जोडावी लागते. स्टेजवर जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या वतीने अपर जिल्हाधिकारी असतात, शेजारी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे साहेब. लोकांना वाटतं, हे ऐकून घेतील आणि संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांगून टाकतील. तसं काही होत नाही. मतदान नाही, निकाल नाही. फाइल पुढे मुंबईला नाहीतर दिल्लीला जाते आणि ज्यांनी तुमचं गाव कधी बघितलं नाही ती माणसं ती वाचतात. म्हणजे त्या मंडपातून पुढे जातात ते फक्त कागद आणि माझं मेमरी कार्ड.

म्हणून धंद्यातली एक गोष्ट सांगतो. आवाज मी साउंडवाल्याच्या मिक्सरमधून घेतो. पंखे, घोषणा, मागे जनरेटर, अशात कॅमेऱ्याच्या माईकवर भरवसा ठेवला तर नुसता कालवा येतो. त्यामुळे माईकवर बोललेलं तेवढंच स्वच्छ ऐकू येतं. मागच्या रांगेतून कोणी कितीही खरं, कितीही पोटतिडकीने ओरडलं तरी फुटेजमध्ये तो गोंधळच. इतिवृत्त लिहिणाऱ्याच्या कानावरही ते तसंच पडतं.

मागे एका खाणीच्या विस्ताराच्या सुनावणीत पर्यावरणाचा अहवाल तयार करणाऱ्या सल्लागार कंपनीचा पोरगा स्लाइड दाखवत होता. हवेतली धूळ मर्यादेत, आवाज मर्यादेत, भूजल मर्यादेत. (२००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचं प्रदूषण मोजलं, तेव्हा चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ गुण पडले होते, जितके गुण जास्त तितकं प्रदूषण जास्त. देशात चौथा नंबर. दहावीत आपल्याला नाही पडले एवढे.) एक म्हातारे शेतकरी उठले, सरळ माईकपाशी आले. नाव, गाव, गट नंबर सांगितला आणि म्हणाले, "साहेब, पाणी तुमी कोणत्या विहिरीचं तपासलं थे सांगा जी. माही विहीर तं होळीलेच आटते."

पोरगा स्लाइड मागे-पुढे करत राहिला. शेवटी म्हणाला, अंतिम अहवालात उत्तर देऊ. काका "बरं" म्हणाले आणि जाऊन बसले. ते ज्या शांतपणे उठले होते ना, त्याच शांतपणे. पण गट नंबरासकट प्रश्न नोंदीत गेला, आणि सुनावणीतल्या मुद्द्यांची उत्तरं अंतिम अहवालात देणं कंपनीला बंधनकारक असतं. त्याच दिवशी एका पुढाऱ्याने लांबलचक भाषण ठोकलं. स्वतःचा फोटोग्राफर घेऊन आले होते. माझी बॅटरी बदलायला तेवढी उसंत मिळाली.

नोकरी मागणाऱ्या पोरांना नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. ज्याच्या बापाची जमीन गेली त्याने दुसरं मागायचं काय? पण "स्थानिकांना रोजगार द्या" एवढंच म्हटलं की "प्राधान्य देऊ" एवढंच उत्तर मिळतं. किती जणांना, कोणत्या कामावर, कंपनीत की ठेकेदाराकडे, हे माईकवर विचारलं पाहिजे.

बाया कडेला बसतात, माईकची वायर तिथवर पोचत नाही. साउंडवाल्याकडे कॉर्डलेस असतो, मागावा लागतो. एका ताईने ब्लास्टिंगने भिंतीला पडलेली भेग मोबाईलवर काढून आणली होती आणि ती स्टेजच्या दिशेने उंच धरून दाखवत होती. ती माझ्या फ्रेममध्येही धड येत नव्हती. असे फोटो छापून, मागे तारीख आणि घर नंबर लिहून लेखी निवेदनाला जोडा. सुनावणीची जाहिरात किमान ३० दिवस आधी येते आणि लेखी हरकत मंडळाच्या कार्यालयात त्या काळातही देता येते. अहवालाचा मोठा गठ्ठा इंग्रजीत असला तरी मराठी सारांश मिळतो. आधी तो वाचून या.

बहिष्काराचं म्हणाल तर राग मला कळतो. पण सुनावणीला गणपूर्ती लागत नाही. चार माणसं आली तरी ती झाली असंच धरतात.

सगळ्यात कमी लोक थांबतात ते शेवटच्या भागाला. नियम असा आहे की, सुनावणी संपताना सगळं इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं आणि त्याच दिवशी त्यावर सही व्हायची. तोवर पुरी-भाजी संपलेली असते, गाड्या सुटलेल्या असतात. मी, बंदोबस्तातले पोलीस आणि खुर्च्या रचणारी पोरं, एवढेच श्रोते. आपला मुद्दा गळला असेल, किंवा "विहीर आटते" चं "पाण्याबाबत सूचना केली" झालं असेल, तर तिथेच हात वर करून सांगता येतं. मी ते करू शकत नाही, माझं काम शूटिंगचं.

सुनावणी झाल्यावर आठ-पंधरा दिवसांनी कोणी ना कोणी दुकानात येतं, भाऊ, आमच्या गावाचं फुटेज पेनड्राइव्हवर टाकून द्या. मला देता येत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज करा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, इतिवृत्त आणि चित्रीकरण दोन्हींची प्रत मागा. अर्जात सुनावणीची तारीख आणि ठिकाण नीट लिहा.