नर्मदा आली का?

आमच्या इंदूरला सकाळी कोणी "पाणी आलं का" विचारत नाही, "नर्मदा आली का" विचारतात. एक दिवसाआड येते, तेवढ्यात टाकी भरायची, मोटर लावायची, चहासुद्धा तिच्या वेळेने. 1978 पासून ती मंडलेश्वरजवळच्या जलूदहून पंपांवर विंध्य चढून साधारण 70 किलोमीटर लांब आमच्या बादलीत येतेय, आणि आपण काय करतो तर नळ फिरवतो.

मागच्या महिन्यात आईला घेऊन महेश्वरला गेलो. घाटाच्या शेवटच्या पायरीशी ती कणकेच्या गोळ्या टाकत बसली, खाली माशांची ही झुंबड. मी थाटात सांगितलं, बघ, आपल्या मध्य प्रदेशचा राज्यमासा, महासीर! शेजारी जाळं दुरुस्त करणारे एक काका हसले. "बाडस? वो यहाँ कहाँ भिया, उसको चलता पानी चाहिए."

झालं, रात्री दीडपर्यंत वाचत बसलो. हा बाडस, म्हणजे आपला महासीरच, हिमालयाच्या पायथ्यापासून नर्मदेपर्यंत पसरलेला, मोठ्या माशाचा एक खवला रुपयाच्या नाण्याहून मोठा. जबड्यात दात नाहीत, ते घशात, शंख-शिंपले तिथे चिरडतो (आमची आजी बिनदाताची लौंग सेव कशी खायची ते कोडं अजून सुटलेलं नाही). पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि वाहत्या स्वच्छ पाण्यात गोट्यांवर अंडी घालतो. आता वर इंदिरा सागर, ओंकारेश्वर, खाली सरदार सरोवर, नदी ठिकठिकाणी तलाव होऊन उभी, त्यात वाळू उपसून नेतात ती वेगळीच. 2011 मध्ये राज्यमासा केला म्हणे. शाल-श्रीफळ दिलं आणि घरचं पाणी तोडलं, असला प्रकार.

लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावापाशी 1970च्या दशकापासून महासीरची पिल्लं तयार करतात, मादीचं पोट हलक्या हाताने दाबून अंडी काढायची, त्यात नराचं दुधासारखं वीर्य मिसळायचं. काम भारीच आहे, पण पिल्लं मोठी होऊन पुढे चढणार कुठे, धरणाच्या भिंतीवर?

हे सगळं आईला सांगितलं. आता तिला पावसाळ्यात चोरल नदीवर जायचंय, तीही नर्मदेलाच मिळते ना, तिथलं पाणी चालतं असेल. कणकेचा डबा आत्तापासून बाजूला काढलाय. म्हटलं अगं तो शंख खातो. तर म्हणते, "असू दे, तेच तेच खाऊन कंटाळला असेल."