पोत्याखालचं फूल

दुपारी कूलरसमोर पडल्यापडल्या एक जुना व्हिडिओ पाहिला. जानेवारी २०२५, सिडनीची बॉटॅनिक गार्डन, आणि लोक तासन्‌तास रांगेत उभे. कशासाठी, तर सडक्या मांसाचा वास घ्यायला. टायटन अरम नावाचं फूल तिथे १५ वर्षांनी फुललं होतं. दिवस-दोन दिवसांत मिटतं, म्हणून ही धांदल.

मूळ सुमात्राच्या जंगलातलं. १८७८ साली एका इटालियन वनस्पतीतज्ज्ञाला ते दिसलं. आडनाव बेक्कारी, मी बनवलेलं नाही. वाढतं तीन मीटरपर्यंत. फुलताना मधला दांडा माणसाच्या अंगाइतका तापतो, म्हणजे घाण लांबवर जाते आणि मढ्यावरचे किडे धावत येतात. आणि हे सगळं आपल्या सुरणाचं सख्खं भावंड!

सुरण म्हटलं की नागपुरातल्या महाल भागातला आमचा वाडा. परसात, न्हाणीच्या पाण्यावर ते आपलं आपण वाढायचं. एकदा मृगाच्या तोंडावर रात्री घरभर घाण सुटली. "उंदीर मेला वाटते माळ्यावर," आजी म्हणाली. काका शिडी लावून वर, आई कोठीमागे, आणि शेजारच्या काकू भिंतीवरून, "तुमच्याकडेच आहे हो, आमच्याकडे काही नाही मेलं." माळ्यावरून घंगाळ आलं, मोडका पाळणा आला, आजोबांची संदूक आली. उंदीर नाही. सकाळी परसात पाहतो तर पान नाही, काही नाही, जमिनीतून नुसता जांभळट, सुरकुतलेला गोळा वर आलेला आणि त्यावर माशाच माशा. आजीने पोतं टाकलं.

आम्ही पोरं दिवसभर पोतं उचलून हुंगत होतो. घाण वास दुसऱ्यांदा घ्यावाच लागतो, एकदा घेऊन खात्री पटत नाही. नासलेलं दूध मी आजही स्वतः हुंगतो आणि मग बायकोच्या नाकापुढे धरतो, "पाहा बरं." ती पाहते, शिव्या देते, पण हुंगते.

आता फ्लॅटमध्ये ना परस ना माळा. सुरण बाजारातून येतं, चिंचेच्या पाण्यात उकडून घ्यावं लागतं, नाहीतर घसा खाजतो.

महाराजबागेत ते सुमात्राचं फुललं तर? रांग लागेल. तोंडाला दुपट्टे बांधून लोक सेल्फी काढतील. आणि कुणीतरी चौकीदाराला विचारेलच, "भाऊ, याची भाजी होते काय?"