ट्यूब घेताना व्हॉल्व्हचं बूड बघा

आज पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या चढाला सायकलचं मागचं चाक बसलं. काटा नाही, खिळा नाही. ट्यूब व्हॉल्व्हच्या बुडाशीच फाटलेली, आणि तिथं पॅच टिकत नाही. पंक्चरवाल्या मामांनी ती ताणून उजेडात धरली, तर एका अंगाला जाड आणि दुसरीकडं पार कागदासारखी.

स्वस्त ट्यूब सगळ्याच वाईट नसतात हो. ब्यूटाइल रबराची साधी ट्यूबसुद्धा हवा मस्त धरते, रंकाळ्याला फेऱ्या मारायला पुष्कळ झाली. पण घेताना जोड आणि व्हॉल्व्हचं बूड बोटांनी चाचपा. साईजही जुळवा; 26 × 1.95 इंचाच्या (व्यास × रुंदी) टायरात बारीक ट्यूब घातली की ती ताणून अजून पातळ होते.

उतारावर पुढचं चाक बसलं असतं तर? पोटात गोळाच आला. पोरांच्या सायकलीला तरी चांगली ट्यूब घाला.